सुधारणेस वाव

पाठ क्रमांक सात. इयत्ता चौथी. घटक : गुणाकार.
आत्मपरीक्षणाच्या छापील कागदावर दोन रकाने,
डावीकडे बलस्थाने, उजवीकडे सुधारणेस वाव.
प्रत्येकी तीन ओळींची जागा.
चोपड्याच्या स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत
मांडीवर डबा, डब्यावर वही, वहीवर तो कागद.

डावा रकाना भराभर भरला.
फलकलेखन सुवाच्य : शिसोदे मॅडमच म्हणाल्या तसं.
शैक्षणिक साधन आकर्षक :
रात्री दोनपर्यंत जागून रंगवलेला केळीचा घड,
आठ फण्या, प्रत्येक फणीत सोळा केळी,
आणि पिवळा रंग संपला तेव्हा
मेसच्या मावशींकडून मागून आणलेली हळद.
आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोचतो.

पोचतो.
तिथून परत काय आलं,
ते लिहायला रकाना नाही.

आलं होतं ते असं :
सतरंजीच्या कडेला बसणारा लोकेश,
ज्याचा बाप घड कापून खांद्यावरून ट्रकपर्यंत नेतो,
हात वर न करताच म्हणाला,
"मॅडम, खालन्या फन्या धाकल्या राहतस.
सोळा कशा भरतीन?"

टाचणात हा प्रश्न नव्हता.
टाचणात 'अपेक्षित उत्तर : १२८' होतं.
मी म्हटलं, आधी नीट मराठीत बोल.
म्हटलं, समज, सगळ्या सारख्याच आहेत.
तो समजला,
म्हणजे गप्प बसला.
वर्गनियंत्रण उत्तम, असा शेरा मिळाला मला
त्याच क्षणासाठी.

रात्री आईचा फोन. "जेवनी का बई?"
आणि मी अर्धा तास बोलत राहिले
तिच्याशी त्याच बोलीत,
जी सकाळी एका पोराला
चपलांसारखी वर्गाबाहेर काढून ठेवायला लावली होती.
फोन ठेवल्यावर उजवा रकाना उघडा होता.
मी लिहिलं : वेळेचे नियोजन.
खोडलं.

आठव्या पाठाला तक्ता उलटा लावला, कोरी बाजू पुढे.
खडू लोकेशला दिला.
त्यानं आधी खडूकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग मागे बसलेल्या शिसोदे मॅडमकडे,
आणि वरून खाली मांडत गेला :
अठरा, अठरा, सतरा, सोळा,
सोळा, पंधरा, चौदा,
सगळ्यात खाली बारा.
वर्गाला आता फळा पुरेना.
कुणी बोटांवर, कुणी सतरंजीच्या पट्ट्यांवर,
कुणी अठरा-बारा जोडून तीस करून मोकळं,
कुणी भांडत, की बाराची फणी कुणी घेतच नाही, ती फुकट जाते.
बेरीज आली एकशे सव्वीस.
माझ्या घडापेक्षा दोन कमी.
मागून कोण तरी म्हणालं, वाटेत खाल्ल्या असतील,
आणि हसण्यात तास संपला.
मूल्यमापनाचे पाचही प्रश्न टाचणातच राहिले.
गुणाकार तर जवळजवळ झालाच नाही.
शिसोदे मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, तेही खरंच आहे :
उद्दिष्ट अपूर्ण. गोंगाट.
खाली, बारीक अक्षरात : पण मुले घंटा झाल्यावरही उठली नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनाही दिसली नाही.
सातपुड्यातल्या पाड्यावरून ऊसतोडीच्या मागे फिरत
दिवाळीनंतर या शाळेत आलेली सुरमी,
सात पाठांत जिचा आवाज मी ऐकला नव्हता,
ती निघताना माझ्याजवळ आली,
शेवटच्या फणीवर बोट ठेवलं
आणि तिच्या बोलीत काही तरी म्हणाली.
एक आकडा असावा. किंवा प्रश्न.
मला कळलं नाही.
मी मान हलवली,
कळल्यासारखी.

गाडी आली आहे. कंडक्टर दार वाजवतोय.
कागद अजून मांडीवर.
उद्या आधी तिलाच विचारायचं,
परत सांग, हळू सांग, मला येत नाही.
एवढं मावेल का तीन ओळींत,
आणि कुठल्या बाजूला?